कंगव्याचा डबा

बाजारात त्याला सबूर मिस्त्री म्हणतात. जाम झालेलं इंजिन घेऊन आलेल्या माणसाने "कधी मिळेल?" असं विचारलं की तो एकच शब्द उच्चारायचा, "सबूर." दुसऱ्यांदा विचारलं तर वर बघायचा नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर इंजिन ज्या टेम्पोतून आलं त्याच टेम्पोत परत चढवायला लावायचा. अशी चार इंजिनं आजवर परत गेली, आणि चारही पुढे कुणीतरी घण घालून फोडली. ही हकिगत सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते बघण्यासारखं असे.

त्याचं म्हणणं मात्र खरं होतं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टन गंजाने सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो. बाहेरून इंजिन धडधाकट, आणि आत एका पेल्यात दुसरा पेला अडकून बसावा तसं सगळं घट्ट. उतावळे लोक मग दुसरा ट्रॅक्टर आणतात, साखळी लावतात आणि ओढतात. रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो, इंजिन भंगारात जातं. मिस्त्री असलं काही करायचा नाही. डिझेल आणि तेल निम्मं निम्मं मिसळून सिलिंडरमध्ये ओतायचा आणि स्टुलावर बसून राहायचा. सकाळी ओतायचं, दुपारी ओतायचं, संध्याकाळी चाक हाताने जरासं मागेपुढे करून बघायचं. एका इंजिनाला सव्वीस दिवस लागले होते. तोवर मालक आशा सोडून नवं इंजिन घेऊन बसला होता.

लोखंडाशी इतक्या सबुरीने वागणारा हा माणूस माणसांशी मात्र काडेपेटी होता. जरा घासलं की भडका. बायको होती तोवर म्हणायची, "सगळी सबुरी त्या इंजिनांना वाहिलीत, आमच्या वाट्याला नुसता धूर." तो यावर हसायचा, कारण बायको खोटं बोलत नव्हती. ती गेली आणि त्याला असं तोंडावर बोलणारं माणूस एकच उरलं, थोरला भाऊ. त्याला सगळे दादा म्हणत.

दोघेच भाऊ. दादा शेती बघायचा आणि मिस्त्री दादाचा ट्रॅक्टर बघायचा. निळा, तीन सिलिंडरचा, दोघांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हा घेतलेला. पुढे मिशा पिकल्या आणि ट्रॅक्टर धूर ओकायला लागला. दादाच्या पाठीने संप पुकारला, तरी तो ट्रॅक्टर बदलायला तयार नव्हता. शेतातली शेड एका वादळात पडली तेव्हा त्याने ट्रॅक्टर घराच्या अंगणात आणून लावला आणि त्याच्या उभ्या सायलेन्सरवर एक पत्र्याचा डबा पालथा घातला. जुन्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर नाकासमोर वर बघत उभा असतो. उघडा राहिला तर पाऊस सरळ त्याच्या घशात. दादाने डब्याच्या काठाशी खिळ्याने दोन भोकं पाडून त्यात तार ओवली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून.

त्याच आठवड्यात मिस्त्रीला जुना ट्रॅक्टर घेणारं एक गिऱ्हाईक भेटलं. दादाला विचारायचं सोडून तो गिऱ्हाइकालाच घेऊन अंगणात गेला. मनात पाप नव्हतं. भावाची पाठ सुटावी, नवा ट्रॅक्टर यावा, एवढंच. पण विचारलं तर दादा नाही म्हणेल हेही त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने विचारलं नाही. दादा शेतात होता. वहिनी आतल्या खोलीत शिलाई मशीनवर होती. तिला सुईदोऱ्यातलं सगळं कळायचं आणि ट्रॅक्टरमधलं ओ की ठो कळायचं नाही. मिस्त्रीने सायलेन्सरवरचा डबा काढला, शेजारच्या धुण्याच्या दगडावर ठेवला आणि स्टार्टर मारला. इंजिन गरजलं. तेवढ्यात दादा फाटकात उभा.

"माझ्या अंगणात माझ्याच ट्रॅक्टरचा सौदा? मी मेलो का रे?"

"मेला नाहीस, पण या खटाऱ्यापायी मरशील!"

शब्दाने शब्द वाढला. गिऱ्हाईक केव्हा सटकलं ते दोघांनाही कळलं नाही. मिस्त्रीने इंजिन बंद केलं, चावी भावाच्या पायाशी फेकली आणि सायकलवर टांग मारून चालता झाला. दादा चावी न उचलता आत गेला, ताटावर न बसता पडून राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. राहिला तो डावा हात आणि डोळे.

मिस्त्री दवाखान्यात गेला होता, एकदाच. दादाने त्याच्याकडे बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. आता अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाची मान कशाने कुठे वळते हे डॉक्टरला विचारता आलं असतं. मिस्त्रीने विचारलं नाही. तो जो अर्थ घेऊन बाहेर पडला तो पाच वर्षं छातीवर वागवत राहिला. वहिनीला सामान लागलं तर दुकानदाराकरवी पोचतं करायचा, पण त्या घराची पायरी चढायला त्याचे पाय धजले नाहीत. भावाला आपल्या तोंडाने मारलं, असं तो स्वतःलाच सांगत असे आणि त्यावर कुणाचं ऐकत नसे.

पाच वर्षांनी पुतणी वर्कशॉपच्या दारात आली. शहरातली नोकरी सोडून ती वर्षभरापूर्वी वडिलांची शेती बघायला परतली होती. आली तशी उभ्याउभ्याच बोलली.

"काका, डॉक्टर म्हणाले आता आठवडा. फार तर दोन."

मिस्त्री हातातला पाना पुसत राहिला. पुसायसारखं त्याच्यावर काही उरलं नव्हतं.

"बाबा दिवसभर खिडकीतून ट्रॅक्टरकडे बघत पडलेले असतात. एकदा त्यांना त्याचा आवाज ऐकवा. दुसरं काही नको मला."

"काय झालंय त्याला?"

"जाम झालाय. नवी बॅटरी लावून बघितली. स्टार्टर टक् करतो आणि गप्प बसतो. पुलीसुद्धा जागची हलत नाही."

मिस्त्रीच्या ओठांवर सवयीचा शब्द आला होता. तो त्याने गिळला आणि हत्यारांची पेटी उचलली.

अंगणात ट्रॅक्टर जिथे त्याने बंद केला होता तिथेच उभा होता. पण त्याच्यावर खोळ होती, आणि असली खोळ मिस्त्रीने जन्मात बघितली नव्हती. जाड कापड, ट्रॅक्टरच्या अंगाला माप घेऊन शिवलेलं. सीटला वेगळा तुकडा, बॉनेटला वेगळा, स्टेअरिंगला टोपी. सायलेन्सर बाहेर यावा म्हणून बरोबर जागेवर गोल भोक, आणि भोकाच्या कडेने शर्टाच्या काजाला घालतात तसे दाट टाके. नवऱ्या मुलाच्या कोटालासुद्धा कुणी इतकी मेहनत घेत नाही.

"हे सारखे तिकडे हात करायचे," वहिनी दारातून म्हणाली. "मला वाटलं, ट्रॅक्टर उघड्यावर पडलाय याचं वाईट वाटत असेल. म्हणून शिवली. पहिल्यांदा घातली तेव्हा ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. या भावजी, आत या."

पाच वर्षांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं.

खाट खिडकीला लावून होती. दादा वाळून निम्मा झाला होता, पण डोळे तेच होते, हिशोबाला पक्के. मिस्त्री त्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि मान भिंतीकडे वळण्याची वाट बघू लागला. मान वळली नाही. दादाने डावा हात उचलला. तो खिडकीच्या कट्ट्याकडे गेला. कट्ट्यावर आरशासारखा लख्ख घासलेला एक डबा होता, त्यात कंगवा, औषधाचा चमचा आणि नखं काढायचं यंत्र.

"कंगवा हवाय त्यांना," वहिनी लगबगीने पुढे आली. "एवढी एकच आवड उरलीय. दिवसातून चारदा डब्याकडे हात करतात. मी केस विंचरते, मग शांतपणे डोळे मिटून घेतात. आज तुम्ही विंचरा की. बरं वाटेल त्यांना."

मिस्त्रीने पायजम्याला हात पुसले, कंगवा घेतला आणि भावाचे उरलेसुरले केस विंचरू लागला. लहानपणी दादा त्याचा भांग पाडायचा, पाण्याचा हात लावून, जरा जोरातच. दादा त्याच्याकडे बघत राहिला, खूप वेळ. मग त्याने डोळे मिटले आणि कोपऱ्यातून पाण्याची एक रेघ कानाकडे गेली. मिस्त्रीलाही रडू आवरलं नाही. पाच वर्षांचा धोंडा छातीवरून उतरला असं त्याला वाटलं. भावाने माफ केलं, एवढं त्याच्या मनाने घेतलं आणि तो अंगणात आला तो दहा वर्षांनी तरुण होऊन.

खोळ काढली, बॉनेट काढलं. मध्ये येतो म्हणून सायलेन्सरही नटातून सोडवून भिंतीशी ठेवून दिला. डिझेल फवारणारे नोझल काढून तिन्ही सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतलं. मागचं एक चाक जॅकवर उचललं, वरचा गिअर टाकला आणि चाकाला दोन्ही हातांनी अलगद झोका देऊन बघितला. इंजिन ढिम्म. मिस्त्री स्टुलावर बसला. खिडकीतून दादा बघत होता. मिस्त्रीने त्याच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे सोड चिंता, मी आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन सिलिंडरमधलं तेल खाली झिरपलं होतं. तिसऱ्यातलं जसंच्या तसं. म्हणजे अडकलाय तो हा. मिस्त्रीने तेल बदललं आणि पुन्हा स्टुलावर बसला. पण या वेळी त्याला बसवेना. जन्मात पहिल्यांदा तो स्वतःलाच विचारत होता, कधी मिळेल? आत दादाने दोन चमचे पाणी घेतलं की वहिनी बाहेर येऊन सांगायची. दुपारी ती आली नाही.

पुतणी आली. "काका, आज पाणीसुद्धा गिळेनात. शेजारचा ट्रॅक्टर आणते. साखळी लावून ओढू या."

"ओढलं तर तुटेल."

"मग तुटू दे! एकदा आवाज तर येईल."

"तुटलेल्या इंजिनाला आवाज नसतो, बाई."

ती तिथेच जॅकशेजारी खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. इतकी मोठी, शेत नांगरणारी पोर. मिस्त्रीने तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तेलाने माखलेला बघून मागे घेतला. घाई करावी का? साखळी लावावी का? चाळीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोकांची इंजिनं परत पाठवली ती सख्ख्या भावाच्या इंजिनाला करावी का? तो उठला, साखळीकडे बघितलं आणि परत बसला.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि भुरभुर पाऊस सुरू झाला. मिस्त्रीने इंजिनावर ताडपत्री ओढली आणि वळचणीला उभा राहिला. तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. दादा डाव्या हाताच्या पेरांनी काचेवर ठोकत होता. अंगात त्राण नव्हतं, तरी ठोकत होता. आत मशीनचा आवाज थांबला. वहिनी आली, तिने खिडकीवर पडदा ओढला.

"पावसाला फार घाबरतात," ती दारातून मिस्त्रीला म्हणाली. "पाच वर्षं हेच. थेंब पडला की ठोकायला लागतात. पडदा ओढला की थोड्या वेळाने गप्प होतात."

"विजेचा आवाज सोसत नसेल," मिस्त्री म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने ठरवलं, आता वरून तेल ओतून भागणार नाही, हेड उघडायला हवं. इंजिनाचं झाकणच ते. बोल्ट सोडले, हेड उचलून बाजूला ठेवलं आणि खाली वाकून बघितलं. पहिला सिलिंडर साफ, भिंत चकचकीत. दुसरा साफ. तिसऱ्यात मात्र लाल गंजाचा थर, पडक्या विहिरीच्या तळासारखा.

आता कुणीही मिस्त्री इथे एक प्रश्न विचारतो, पाणी आलं कुठून? हेडमधून गळलं असतं तर शेजारच्यालाही लागलं असतं. मिस्त्रीने हेड उलटं केलं. तिसऱ्याचा धूर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह उघड्याचा उघडाच गंजून बसला होता. इंजिन बंद होताना कुठला तरी एक उघडा राहतोच. त्या व्हॉल्व्हपासून गंजाची वाट धुराच्या नळीकडे गेलेली होती. धूर ज्या वाटेने जातो त्याच वाटेने पाणी उलटं आत आलं होतं. मिस्त्रीने भिंतीशी ठेवलेला सायलेन्सर उचलून डोळ्याला लावला. आत वरपासून खालपर्यंत लाल ओघळ.

"हात्तिच्या," तो स्वतःशीच म्हणाला. "डबा कुठे गेला याचा?"

आणि विचारता विचारता त्याला डबा दिसला. स्वतःच्या हातात. मग धुण्याच्या दगडावर. मग दादाच्या पायाशी जाऊन पडलेली चावी, आणि सायकल.

तो धुण्याच्या दगडाकडे बघत उभा राहिला. दगड रिकामा होता, अर्थातच. मग एकेक गोष्ट त्याच्यासमोर येऊन उभी राहायला लागली. ती पुसून टाकायला फडकं नव्हतं. खोळीला काजासारखे टाके घालून ठेवलेलं भोक. ती खोळ बघून घळाघळा रडलेला दादा. पावसाचा थेंब पडला की काचेवर ठोकणारा हात, आणि त्यावर ओढलेला पडदा. पाच पावसाळे त्या माणसाने आपल्या इंजिनात पाणी जाताना डोळ्यांनी बघितलं होतं. दिवसातून चारदा तो काय पाहिजे ते बोटाने दाखवत होता, आणि दिवसातून चारदा घरची माणसं प्रेमाने त्याचे केस विंचरत होती. वहिनीचं ठीक आहे, तिला सुईदोऱ्यापलीकडे माहीत नव्हतं. पण दादाने शेवटी हात केला तो चाळीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या मिस्त्रीसमोर. जगात ज्याला तो डबा ओळखता यायला हवा होता असा एकच माणूस पाच वर्षांनी घरात आला, आणि त्याने काय केलं? कंगवा उचलला. त्या दिवशीची पाण्याची रेघ माफीची नव्हती.

तो तसाच तेलकट हातांनी आत गेला. वहिनी खाटेशी बसली होती. दादाचे डोळे मिटलेले होते आणि श्वास सकाळपासून बदलला होता, लांब, मध्येच थांबणारा. हाक मारली तरी पापणी हलत नव्हती. मिस्त्रीने कट्ट्यावरचा डबा उचलला. काठाशी खिळ्याची दोन भोकं. एका भोकात गंजलेल्या तारेचा तुकडा अजून होता.

"वहिनी, हा डबा कुठला?"

"तो होय? ह्यांना दवाखान्यातून आणलं ना, त्या दिवशी धुण्याच्या दगडावर दिसला. आत नुसती काजळी. दोन दिवस घासला तेव्हा कुठे असा निघाला. का हो?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. "छान निघालाय."

वहिनी औषध आणायला उठून गेली. मिस्त्री खाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि भावाच्या कानाशी वाकला.

"दादा, डबा मी काढला होता रे. मीच ठेवला नाही. तू सांगत होतास. सगळ्यांना सांगत होतास. मला सांगितलंस. दादा, ऐकतोयस का?"

दादा ऐकत नव्हता. मिस्त्रीने डब्यातला कंगवा, चमचा सगळं खाटेवर ओतलं आणि रिकामा डबा भावाच्या डाव्या हातात ठेवला. बोटं मिटली नाहीत. डबा घरंगळून चादरीवर गेला. त्याने तो पुन्हा ठेवला. मग वहिनीची पावलं ऐकू आली तेव्हा सगळं गोळा करून डब्यात भरलं आणि डबा कट्ट्यावर होता तसा ठेवून दिला.

त्या दिवशी मिस्त्री स्टुलावर बसला नाही. सिलिंडरच्या मापाचा लाकडी ठोकळा तासला, पिस्टनवर ठेवला आणि मोगरीने ठोकायला लागला. जोरात नाही. जोरात ठोकायचं नसतं हे त्याच्या हातांना पक्कं ठाऊक होतं, आणि हातांनी त्या दिवशीही त्याचं ऐकलं नाही, आपलंच केलं. ठोकायचं, तेल सोडायचं, चाकाला झोका द्यायचा, पुन्हा ठोकायचं. दुपार कलता कलता ठोकळ्याखाली काहीतरी हललं. नखाएवढं. मग बोटाएवढं. मग चाकाला झोका दिला आणि तिन्ही पिस्टन वरखाली झाले, जणू त्यांना कधी काही झालंच नव्हतं. एरवी अशा वेळी मिस्त्री चहा मागवतो. त्या दिवशी त्याने मान वर केली नाही. सिलिंडर घासला, व्हॉल्व्ह मोकळा केला, रिंगा बदलल्या, आणि उजाडताच परत येऊन हेड बसवायला घेतलं.

दहाच्या सुमाराला पुतणी अंगणात आली. ती जॅकशेजारी मटकन खाली बसली. मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं आणि पाना खाली ठेवला. हेडचे सहा बोल्ट राहिले होते.

सगळं आटोपल्यावर तीन आठवड्यांनी पुतणी पुन्हा वर्कशॉपमध्ये गेली. शेत नांगरायचं राहिलंय, म्हणाली. मिस्त्रीने आठवडाभर दार उघडलं नव्हतं असं शेजारचा वेल्डर सांगत होता. उघडल्यावरही तो फारसा बोलत नसे. एका गिऱ्हाइकाने सवयीने "कधी मिळेल?" विचारलं तेव्हा त्याने हातातलं दुसरं काम टाकून, तासाभरात त्याचं काम करून दिलं. वेल्डरला वाटलं, मिस्त्रीला ताप आलाय. 'सबूर' हा शब्द त्याच्या तोंडून त्यानंतर कुणी ऐकलेला नाही.

पुतणीबरोबर मिस्त्री आला, सहा बोल्ट आवळले, नोझल बसवले, सायलेन्सर उभा केला. पुतणी सीटवर बसली. "कशाने जाम झाला होता हो काका?" तिने विचारलं.

"उभं राहून राहून," मिस्त्री म्हणाला. "मार स्टार्टर."

पहिल्या स्टार्टरला खोकला, दुसऱ्याला पांढरा धूर, तिसऱ्याला इंजिनाने आवाज धरला. तोच जुना, जरा नाकात बोलल्यासारखा आवाज. पुतणी स्टेअरिंगवर डोकं टेकून रडत होती. मिस्त्री खिडकीखाली उभा होता. आत खाट होती, चादर घडी करून ठेवलेली होती. ज्याच्यासाठी सगळं केलं तो ऐकायला नव्हता, आणि असता तरी पहिला प्रश्न डब्याचाच असता.

इंजिन बंद झालं तसा मिस्त्री आत गेला आणि बाहेर आला तेव्हा डबा त्याच्या हातात होता. नळी तापलेली होती. ती निवायची वाट त्याने बघितली नाही. डबा पालथा घातला, बोटांना चटका बसला, तरी तसाच तार ओवायला लागला. तोवर वहिनी खोळ घेऊन अंगणात आली होती.

"अहो भावजी, हा तर ह्यांचा कंगव्याचा डबा!"

"हो."

"मग इथे कशाला?"

माणसांना तो काय वाटेल ते बोलला असेल, पण इंजिनाच्या बाबतीत खोटं बोलायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. "पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून," तो म्हणाला.

वहिनीने सायलेन्सरकडे बघितलं. मग डब्याकडे. मग खिडकीकडे. खोळ तिच्या हातावर होती आणि तिची बोटं त्या गोल भोकाच्या टाक्यांवरून फिरत होती, एकदा, दोनदा, पुन्हा.

"म्हणजे हे भोक…"

"भोक बरोबर आहे, वहिनी. सायलेन्सर बाहेरच हवा. तुमचं काही चुकलं नाही."

"भावजी, हे त्या डब्याकडे हात करायचे ते…"

"कंगव्यासाठी," मिस्त्री म्हणाला.

"नक्की?"

"मी विंचरले ना त्या दिवशी. बघितलं ना मी. डोळे मिटून घेतले होते त्याने. सुख वाटल्याशिवाय माणूस असे डोळे मिटतो का?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिची बोटं टाक्यांवर थांबली होती.

"मग कंगवा आता कशात ठेवू?" तिने विचारलं.

मिस्त्री डब्याची तार पिळत राहिला. ती केव्हाच घट्ट झाली होती.